पायलटची सीट आणि लाल गोळी

कॉकपिटमध्ये शिरल्यावर पायलट सीट वर-खाली, पुढे-मागे करतो ते ऐसपैस बसता यावं म्हणून, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. खरं तर पायलटचा डोळा नेमका कुठे असावा हे विमान आखतानाच ठरतं आणि समोरच्या काचा, पडदे, बटणं यांची मांडणी त्या बिंदूवरून होते. सीट हलवायची ती डोळे तिथे आणण्यासाठी. उंच माणूसच पायलट होऊ शकतो, हेही चूक. अमेरिकी नियमांनुसार मोठ्या प्रवासी विमानाचं कॉकपिट 5 फूट 2 इंचांपासून 6 फूट 3 इंचांपर्यंतच्या पायलटांना वापरता आलंच पाहिजे.

एअरबस ए320 मध्ये तर अंदाजाचं कामच नाही. समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर लाल आणि पांढऱ्या रंगाच्या लहान गोळ्या असतात. डोळा जागेवर आला की लाल गोळीमागे पांढरी पूर्ण लपते. पांढरी डोकावत असेल, तर सीट अजून हलवायला हवी.

‘थोडं खाली बसलं तर काय बिघडतं?’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. उतरताना विमानाच्या नाकामुळे खालची जमीन झाकली जाते. समजा, डोळा जमिनीपासून 30 मीटरवर आहे आणि क्षितिजाखाली 15 अंशांपर्यंतच दिसतंय. मग पुढची सुमारे 112 मीटर जमीन दिसतच नाही. सीट खाली राहून कोन 13 अंशांवर आला, तर 130 मीटर. लख्ख उन्हात हा फरक जाणवायचाही नाही. पण दिल्लीच्या जानेवारीतल्या धुक्यात जेमतेम 300 मीटरपर्यंतच दिसत असेल, तर धावपट्टीचे दिवे शोधायला उरलेल्या तुकड्यातूनच हे 18 मीटर जातात. उतरायचं की पुन्हा वर उचलायचं, हे ठरवायला तेव्हा काही क्षणच असतात.

म्हणून मुद्दाम उंच बसणंही बरोबर नाही. पडद्यांवर छज्ज्यासारखी कड असते; डोळा फार वर गेला की तीच पडद्यांचा वरचा भाग झाकते.

‘धुक्यात ऑटोपायलटच उतरवतो, मग सीटचं काय एवढं?’ ऑटोपायलट ऐन वेळी सुटला, तर विमान त्याच क्षणी हातात घ्यावं लागतं. सीट बसवल्यावर आर्मरेस्ट आणि पेडल जुळवायची ती यासाठीच. पाठ टेकलेली ठेवून रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल पूर्ण दाबता आलं पाहिजे आणि त्याच स्थितीत ब्रेकही शेवटपर्यंत.