मौखिक परंपरा आणि इतिहासाचे अध्यापन

कोणता पुरावा ग्राह्य मानावा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा वसाहतोत्तर इतिहासाध्यापनातील मूलभूत प्रश्न होय. कॅनडासारख्या देशात, जेथे वसाहतकार परत गेलेच नाहीत, तेथे तो विशेष तीव्र होतो.

ब्रिटिश कोलंबियातील गिटक्सान व वेट्सुवेटेन या मूलनिवासी समाजांनी भूमीवरील हक्कासाठी लढविलेला डेल्गामूक्व खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. गिटक्सान कुळांचा पूर्वेतिहास ‘अदाव्क’ नामक कथनांत साठविलेला असतो. वाटेल त्याने वाटेल तशा सांगाव्यात अशा या दंतकथा नव्हेत. प्रत्येक कथनावर विशिष्ट कुळाचा अधिकार असतो. मेजवानीच्या समारंभात ते साक्षीदारांसमोर सांगितले जाते व तपशील चुकल्यास आक्षेप घेण्यास तेथे वाव असतो. म्हणजेच साधनचिकित्सेची एक पद्धती या परंपरेतच अंतर्भूत आहे.

१९९१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने या कथनांना स्वतंत्र पुराव्याचे मोल नाकारले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून, मौखिक इतिहासाला लिखित कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान दिले पाहिजे, असे प्रतिपादिले. मात्र हक्काचा निवाडा न करता त्याने फेरसुनावणीचा आदेश दिला, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

इतिहासाच्या वर्गात याचा अर्थ काय? १८७६ चा सहावा तह पाहावा. क्री व इतर समाजांनी भूमीवरील सर्व हक्क सोडून दिले, असे त्याचा लेख सांगतो. क्री वृद्धांची परंपरा सांगते की, भूमी वाटून वापरण्याचे ठरले होते. केवळ लेख वाचणारा विद्यार्थी एकाच पक्षाची साक्ष ऐकतो. उलटपक्षी, परंपरा निमूटपणे मान्य करणे हेही इतिहासकाराचे काम नव्हे. दोहोंची चिकित्सा करावयाची, पण प्रत्येकीची तिच्या स्वतःच्या कसोट्यांनी.

सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. शिक्षणक्रमात निवासी शाळांचा व तहांचा इतिहास समाविष्ट करण्याची मागणी त्यांत होती. २०१६ पासून विनिपेग विद्यापीठाने पदवीसाठी मूलनिवासीविषयक एक अभ्यासक्रम अनिवार्य केला. परंतु नवा विषय जोडणे व प्रमाणाची कसोटी बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली विद्यापीठाच्या एका ठरावाने साधते. दुसरीसाठी अध्यापकाला स्वतःच्या प्रशिक्षणाचीच फेरतपासणी करावी लागते.