दुसऱ्या यष्टिरक्षकाचे आकडे

परवा रविवारी आमचा पुतण्या बेळगावहून आला तो तोंड पाडूनच. शाळांची तीन दिवसांची क्रिकेट स्पर्धा होती. निपाणीच्या स्टँडवर त्याला घ्यायला गेलो, तर किटची बॅग माझ्या हातात दिली आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. दारात आमची अव्वा बसली होती. अव्वा गोकाककडची, नातवाशी ती कन्नडच बोलते. तिनं विचारलं, "एष्ट होडदी?" किती धावा काढल्यास?

"सोन्नेनू इल्ल, अज्जी. आडले इल्ल."

शून्यसुद्धा नाही, खेळलोच नाही! चौदा वर्षांच्या पोरानं सहज दिलेलं उत्तर, पण मला ते चटका लावून गेलं. शून्याला निदान स्कोअरबुकात जागा मिळते. न खेळलेल्याच्या नावापुढं तेवढंही लिहीत नाहीत. आमचा हिरो संघातला राखीव यष्टिरक्षक. तीन सामने झाले, तिन्ही वेळा पहिला यष्टिरक्षक ठणठणीत. यानं पाणी नेलं, सरावाला झेल दिले, बाकावर बसून टाळ्या वाजवल्या.

जेवताना म्हणाला, "दोड्डप्पा, ते ग्लोव्हज कुणाला तरी देऊन टाका. मी आता जाणार नाही."

मी काही बोललो नाही. कॉलेजात असताना मीही हेच काम केलं आहे. तीन वर्षांत चार सामने मिळाले. त्या वयात उपदेश किती गोड लागतो ते मला ठाऊक आहे! जेवणं झाल्यावर कपाटातली माझी जुनी वही काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. मला क्रिकेटचे आकडे लिहून ठेवायची खोड आहे. एका पानावर नाव होतं, चंद्रकांत पंडित.

"हे कोण? कोच ना?" त्यानं विचारलं.

आजच्या मुलांना पंडित माहीत आहेत ते प्रशिक्षक म्हणून. आमच्या पिढीला ते आठवतात भारताचे 'दुसरे' यष्टिरक्षक म्हणून. मुंबईचे, रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेले. १९८६ ते १९९२ या काळात कसोटी सामने खेळले फक्त ५. धावा १७१, सरासरी २४.४२, सर्वोच्च ३९. झेल १४, यष्टिचीत २. एकदिवसीय सामने ३६, त्यात धावा २९०.

"एवढंच?" पुतण्या म्हणाला.

म्हटलं, आता शेजारचं पान बघ. त्या पानावर बडोद्याचे किरण मोरे. १९८६ ते १९९३, कसोटी सामने ४९, सरासरी २५.७०. आता दोघांच्या सरासऱ्या शेजारी ठेवा, वाचकहो. फरक सव्वा धावेचा! सामने मात्र एकाचे ४९ आणि दुसऱ्याचे ५. सरासरी सांगते माणूस कसा खेळला, सामन्यांची संख्या सांगते त्याला किती खेळायला मिळालं. या दोन गोष्टी एकच समजून आपण पोरांना उगाच नापास करतो.

मोरेंवर कुणी मेहेरबानी केली असंही नाही. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ६ फलंदाज यष्टिचीत केले. नरेंद्र हिरवाणीचे १६ बळी सगळ्यांना आठवतात, त्याच सामन्यातली ही गोष्ट. यष्टिरक्षणाची जागाच एक. फलंदाज सहा-सात घेतात, गोलंदाज चार-पाच घेतात, पण यष्टींमागं एकच माणूस उभा राहतो. समोरचा असा असेल तर दुसऱ्यानं करायचं काय?

पंडितांनी बॅट घट्ट धरली. त्या काळी नियम असा होता की प्रतिस्पर्धी कर्णधारानं हरकत घेतली तर बदली खेळाडूला यष्टिरक्षण करता येत नसे. २०१७ च्या नव्या नियमावलीपासून पंचांच्या संमतीनं ते करता येतं. तेव्हा मात्र दुसऱ्या यष्टिरक्षकाला संघात यायचं तर फलंदाज म्हणूनच यावं लागे. पंडितांनी १९८६ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंडविरुद्ध पदार्पण केलं तेही असंच. त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रासची ती प्रसिद्ध 'टाय' कसोटी झाली. त्यात मोरे आणि पंडित दोघेही संघात होते. पंडितांच्या धावा ३५ आणि ३९. बरोबरीत सुटलेल्या सामन्यात या ७४ धावांतली एक जरी कमी पडली असती तरी काय झालं असतं, याचा हिशेब पुतण्यानं बोटांवरच केला.

पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९८७ ला, वानखेडेवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. दिलीप वेंगसरकरांचं पोट बिघडलं आणि ऐन वेळी पंडित संघात आले. गूचनं स्वीप मारमारून शतक ठोकलं, आपण ३५ धावांनी हरलो. पंडितांनी २४ केल्या. तो सामना मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला होता, आणि ऐन वेळी बोलावणं आलेल्या त्या माणसाकडेच माझं सगळं लक्ष होतं.

एक गंमत मी पुतण्याला दाखवली. एकदिवसीय सामन्यांत पंडितांचे झेल १५ आणि यष्टिचीतही १५. यष्टिरक्षकाच्या खात्यात सहसा झेल कितीतरी जास्त असतात. मोरेंचेच कसोटीत ११० झेल आणि २० यष्टिचीत. म्हणजे अधूनमधून मिळालेल्या संधीतही या माणसाचे हात यष्टींजवळ किती तयार होते बघा. हे हात सामन्याच्या दिवशी तयार होत नाहीत. ते बाकावर बसण्याच्या दिवसांत तयार ठेवावे लागतात.

आता आपल्या कर्नाटकाकडे या. सय्यद किरमाणी १९७१ आणि १९७४ असे इंग्लंडचे दोन दौरे फारुख इंजिनियर यांच्यामागं राखीव म्हणून करून आले, एकही कसोटी न खेळता. पहिली कसोटी मिळाली जानेवारी १९७६ मध्ये, ऑकलंडला. पुढच्याच कसोटीत एका डावात ६ बळी टिपून त्यांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली. कारकीर्द ८८ कसोटींची झाली, बळी १९८.

पण खोटं कशाला सांगू? वाट पाहणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही. तामिळनाडूच्या भरत रेड्डी यांना १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यात ४ कसोटी मिळाल्या आणि तेवढ्यावरच सगळं थांबलं. पुतण्याला मी हेही सांगितलं. मग तो म्हणाला, "मग उपयोग काय, दोड्डप्पा?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून वहीचं पुढचं पान उलटलं. पंडितांचे प्रथम श्रेणीचे सामने १३८, धावा ८२०९, सरासरी ४८.५७, शतकं २२. भारताच्या संघात जागा नव्हती, तेव्हाही हा माणूस रणजीच्या मैदानांवर धावा करत राहिला. मुंबई सोडून पुढे मध्य प्रदेशचा कर्णधार झाला. १९९९ मध्ये रणजीचा अंतिम सामना बेंगळुरूला चिन्नास्वामीवर कर्नाटकाशी झाला. पहिल्या डावाची आघाडी मध्य प्रदेशकडे होती, सामना नुसता वाचवला असता तरी करंडक त्यांचा. पण शेवटच्या डावात विजय भारद्वाजच्या फिरकीपुढं ते कोसळले आणि ९६ धावांनी हरले. आमच्या घरी त्या दिवशी अव्वाच्या पक्षानं पेढे वाटले. मी मात्र पंडितांसाठी हळहळलो.

त्यानंतर पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला तीन वेळा रणजी करंडक मिळवून दिला. २०१७-१८ मध्ये विदर्भाला पहिल्यांदाच मिळवून दिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा. आणि जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशनं मुंबईला ६ गड्यांनी हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला, तोही त्याच चिन्नास्वामीवर, तेवीस वर्षांनी. त्या दिवशी मैदानावर पंडितांचे डोळे पाणावलेले सगळ्यांनी पाहिले. २०२४ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या कोलकात्याचे प्रशिक्षकही तेच होते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये यष्टिरक्षकासारखाच 'कॅचर' असतो. डेव्हिड रॉस नावाचा कॅचर कारकिर्दीतली बरीच वर्षं राखीव होता. २०१६ च्या अंतिम लढतीतल्या निर्णायक सामन्यात, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यानं 'होम रन' मारला आणि निवृत्त झाला. पुढे शिकागोच्या त्याच संघाचा तो व्यवस्थापक झाला. कारण उघड आहे. सगळं मैदान समोरून बघायची सवय यष्टींमागं लागते, आणि बाकावर बसलं की ते बघायला वेळही मिळतो.

एवढं सगळं अव्वा पलीकडं वाती वळत ऐकत होती. क्रिकेटचे आकडे तिला कळत नाहीत. ती एवढंच म्हणाली, "कायबेकप्पा."

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांतच ही मजा कळते. मराठीत राखणं वेगळं आणि वाट पाहणं वेगळं. कन्नडमध्ये मात्र 'होल कायोदु' म्हणजे शेत राखणं आणि 'बस् कायोदु' म्हणजे बसची वाट पाहणं. क्रियापद एकच. यष्टी राखणाऱ्यानं थांबायलाही शिकलं पाहिजे, हे अव्वाच्या भाषेला आधीच ठाऊक होतं!

पुतण्या काही बोलला नाही, वही घेऊन झोपायला गेला. सोमवारी सकाळी बघतो तर ग्लोव्हज परसातल्या दोरीवर वाळत घातलेले, आणि वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याचं नाव. खाली लिहिलं होतं: सामने ०, सरावाला दिलेले झेल १४०.

हा रकाना कुठल्याच स्कोअरबुकात नसतो. तुमच्या घरीही असा एखादा राखीव गडी असेल. तो मैदानावरून आला की आधी धावा विचारू नका. आज काय काय केलंस, एवढंच विचारा.