जिवंत इतिहास आणि घराची बोली

एखाद्या इतिहासप्रसिद्ध पुरुषाचे राहते घर जतन करावे, त्यातील वस्तू जागच्या जागी मांडाव्यात आणि ते लोकांना पाहावयास खुले करावे, ही प्रथा आता आपल्याकडे रूढ झाली आहे. परंतु घर म्हणजे केवळ भिंती आणि भांडी नव्हेत. घरात चूल पेटते, पाणी भरले जाते, सण येतात, आणि मुख्य म्हणजे घरात माणसे बोलतात. हे सर्व व्यापार ऋतुमानाप्रमाणे पुन्हा घडवून प्रेक्षकांस दाखविण्याच्या पद्धतीस 'जिवंत इतिहास' असे नाव आहे. या पद्धतीतील भाषेच्या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बीड जिल्हा व त्याचा शेजार डोळ्यांपुढे ठेवून त्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पद्धतीचा उगम सामान्यतः स्वीडनमध्ये मानला जातो. आर्तुर हाझेलियस याने १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे खुले संग्रहालय स्थापन केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे तेथे आणून उभारण्यात आली, आणि त्या घरांत त्या त्या प्रदेशाच्या पोशाखातील माणसे वावरू लागली. तेथील नाताळचा बाजार १९०३ पासून भरत आला आहे. ऋतू आणि सण यांच्या आधाराने गतकाल दाखविण्याची रीत अशी रुळली. अमेरिकेतील प्लिमथ येथे १९४७ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाने पुढे आणखी एक पाऊल टाकले. १९७० नंतरच्या दशकात तेथील निवेदक 'ते लोक असे राहत' असे सांगण्याचे सोडून 'आम्ही असे राहतो' असे बोलू लागले. तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष झाला. हा बदल व्याकरणात एका सर्वनामाचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. 'ते' म्हणणारा निवेदक स्वतःच्या भाषेत बोलू शकतो. 'आम्ही' म्हणणाऱ्याला मात्र त्या काळची भाषा बोलणे भाग पडते.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण म्हणजे पैठण येथील एकनाथांचा वाडा. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे, आणि त्याच नदीच्या पलीकडच्या तीरावर पैठण आहे. नाथांच्या घरी साक्षात् श्रीकृष्णाने श्रीखंड्या या नावाने राहून पाणी भरले, अशी आख्यायिका आहे. ज्या रांजणात ते पाणी भरले जाई असे मानतात, त्या रांजणाची पूजा दरवर्षी तुकाराम बीजेस होते व त्यात पाणी ओतण्यास प्रारंभ होतो. फाल्गुन वद्य षष्ठीच्या, म्हणजे नाथषष्ठीच्या सुमारास तो भरून वाहू लागतो. ज्याच्या हातून तो भरतो, त्याला श्रीखंड्याचा मान मिळतो. घर तेच, वस्तू तीच मानलेली, तिथी ठरलेली आणि कृती पुन्हा केलेली: जिवंत इतिहासाची बहुतेक बाह्य लक्षणे येथे आढळतात.

तरीही हा जिवंत इतिहास नव्हे, आणि तसे म्हणण्याने त्या विधीचे महत्त्व उणे होत नाही. रांजणात घागर रिती करणारा भाविक सोळाव्या शतकातील माणसाचे सोंग घेत नाही. तो आजचा माणूस म्हणून येतो, आजच्या भाषेत बोलतो, आणि त्याच्या श्रद्धेच्या दृष्टीने श्रीखंड्या भूतकाळात राहिलेला नसून आजही येतो. विधी काळातील अंतर पुसून टाकतो. संग्रहालयाला ते अंतर दाखवून द्यावयाचे असते. म्हणून विधीला पुरावा द्यावा लागत नाही, संग्रहालयाला द्यावा लागतो. हा भेद न ओळखता विधीचेच प्रदर्शन मांडले, तर श्रद्धा आणि इतिहास या दोहोंचीही हानी होते.

आता अंबाजोगाईकडे वळू. दासोपंतांचा काल सामान्यतः १५५१ ते १६१५ असा देतात. सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी लिहिलेला 'पंचीकरण' हा ग्रंथ 'पासोडी' या नावाने प्रसिद्ध आहे. समजा, त्या काळातील अंबाजोगाईचे एखादे घर उभारून तेथे प्रथमपुरुषी निवेदन करावयाचे ठरले. तर त्या घरातील माणसांच्या तोंडी कोणती मराठी घालावयाची?

पहिले उत्तर सहज सुचते: दासोपंतांच्या ग्रंथांची. परंतु ओवीची भाषा ही अध्यात्मविवेचनाची, छंदाने बांधलेली आणि पूर्वपरंपरेने घडविलेली भाषा आहे. स्वयंपाकघरात कोणी ओवीत बोलत नसते. दुसरे उत्तर कागदपत्रांची भाषा हे होय. राजवाड्यांनी केलेली मोजदाद येथे उपयोगी पडते. १६२८ सालच्या एका मराठी कागदातील २३६ शब्दांपैकी २०२ शब्द त्यांना फारशी आढळले. १७२८ सालच्या कागदात ४८० शब्दांपैकी केवळ ३०. पहिला कागद दासोपंतांच्या निधनानंतर अवघ्या तेरा वर्षांचा आहे. परंतु तीही दरबाराची भाषा, घराची नव्हे. दासोपंतांचे वडील देशपांडे होते व मूळ गाव आज तेलंगणात असलेले नारायणपेठ. अशा घरात वसूल, बाकी, रयत, दप्तर हे शब्द ओसरीवर सहज उच्चारले जात असतील, देवघरात संस्कृतप्रचुर मराठी चालत असेल, आणि दोहोंच्या मधली रोजची बोली लेखणीने फारशी टिपलेली नसेल. एकाच छपराखाली भाषेचे असे अनेक थर असतात. संग्रहालयातील पात्राने सर्वत्र एकच 'जुनी मराठी' बोलणे हा त्यामुळे पहिला अनैतिहासिक प्रकार ठरतो.

आजची बोली मागे नेऊन बसविणे हा दुसरा. 'काय करायलास?' हे रूप मराठवाड्यात आज कानी पडते. ते गोड आहे आणि स्थानिकही आहे. पण स्थानिक म्हणजे पुरातन नव्हे. स्कान्सेनच्या धर्तीवर सणांचे कार्यक्रम योजताना हाच दोष वस्तूंच्या बाबतीतही शिरतो. एकादशीच्या फराळात साबुदाणा व भुईमुगाचे दाणे ठेवले, किंवा सोळाव्या शतकाच्या चुलीवर बटाट्याची भाजी शिजविली, तर प्रेक्षकाला ते अगदी घरचे वाटेल; परंतु या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत, आणि मिरचीदेखील पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आली. परिचितपणा हा प्राचीनतेचा पुरावा होऊ शकत नाही. उलट काही शब्द आपल्याला अपरिचित इतिहासाकडे नेतात. लातूर, धाराशिव आणि बीडच्या लगतच्या भागांत मार्गशीर्षातील अमावास्येस शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, शेतकऱ्यांच्या तोंडी 'येळवस', हिचा संबंध कन्नड 'एळ्ळ अमावास्ये'शी जोडला जातो. कन्नडात 'एळ्ळु' म्हणजे तीळ. ही व्युत्पत्ती स्वीकारली, तर मराठीतील 'वेळ' हा अर्थ मागाहून लावलेला ठरतो, आणि त्या सणाच्या कार्यक्रमात दोन भाषांच्या सहवासाची कथा सांगता येते.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: घरात कोण बोलतो? वाड्याचा धनी बोलतो आणि दळणारी, पाणी आणणारी, अंगणाबाहेर उभी राहणारी माणसे मुकी राहतात, असा इतिहास जिवंत म्हणता येणार नाही. एकनाथांनी आपल्या भारुडांत निरनिराळ्या जातींच्या व व्यवसायांच्या पात्रांना प्रथमपुरुषी वाणी दिली, हिंदु-तुर्क संवादही रचला. या दृष्टीने प्रथमपुरुषी निवेदन मराठीला नवे नाही. मात्र ती वाणीही कवीने दिलेली आहे. स्त्रियांच्या स्वतःच्या वाणीचा मोठा साठा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी गाइलेल्या डॉ. आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. त्या विसाव्या शतकाचा पुरावा म्हणून अमोल आहेत. त्याच ओव्या दासोपंतांच्या काळातील दळणारणीच्या तोंडी घालणे मात्र गैर होय. प्लिमथ येथे मूळ रहिवाशांच्या वस्तीत काम करणारे वांपानोआग लोक पूर्वजांची भूमिका वठवीत नाहीत. ते आजची माणसे म्हणून आपल्या पूर्वजांविषयी बोलतात. जेथे पुरावा दुसऱ्यांनी लिहिलेला आहे, तेथे ही रीत अधिक प्रामाणिक आहे.

या विवेचनावरून तीन नियम निष्पन्न होतात. पहिला, 'शिवपूर्वकाल' असा मोघम काळ न घेता एक निश्चित वर्ष घ्यावे. प्लिमथ येथे दीर्घकाळ १६२७ हेच वर्ष दाखविले जात असे. दुसरा, पात्राच्या प्रत्येक वाक्यामागे लेखी आधार आहे, अनुमान आहे की आजची सोय आहे, हे संग्रहालयाच्या दप्तरी नोंदलेले असावे व विचारणाऱ्यास सांगता यावे. तिसरा, ज्याच्या बोलीचा पुरावा नाही त्याच्या तोंडी कल्पित बोली घालू नये. त्याच्याविषयी आजच्या मराठीत स्पष्ट बोलावे.

हे नियम पाळल्यास कार्यक्रमाची रंगत काहीशी कमी होईल. परंतु ज्या प्रेक्षकाने चारशे वर्षांपूर्वीची मराठी म्हणून कानावर पडलेले शब्द घरी नेले, त्याला ते खोटे होते हे पुन्हा सांगावयास कोणी जात नाही. भिंतीची चुकीची डागडुजी पुढे ओळखता येते आणि काढूनही टाकता येते. एकदा रूढ झालेल्या बोलीच्या बाबतीत तशी सोय नसते.