शके एक आणि पॉम्पेईची बाई

आमच्या जऊळक्याच्या घरात अब्बा हिजरी सन सांगायचे, शेजारी पंचांगात शके. पाडव्यापासून इसवीतून ७८ वजा केले की शके निघते. हिजरी तेव्हा सुरूही व्हायची होती!

त्या ७८ नंतर लगेच, ७९ साली, इटलीत व्हेसुव्हियस फुटला. पॉम्पेई राखेखाली गेले. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी रोमन नाणी ओढून नेतो, ही कुरकुर करणारा प्लिनीही त्यातच मेला.

१९३८ साली तिथल्या एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती बाई सापडली. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. कुणी तिला लक्ष्मी म्हणतात, कुणी यक्षी. मला ती यक्षीच वाटते. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या. कोरणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही.