ठरलेली किंमत आणि मोटारीचा ताबा

राहुरी-श्रीरामपूरकडच्या एखाद्या कुटुंबाने उसाचे बिल हाती आल्यावर नगरच्या विक्रेत्याकडे इसार देऊन मोटार नोंदवावी, पाडव्याला ती दारी येईल या भरवशावर राहावे, आणि ऐन ताब्याच्या वेळी ‘कंपनीने किंमत वाढविली, फरक भरा’ असे ऐकावे, म्हणजे सणाचा सारा आनंद क्षणात मावळतो. ठरलेल्या किमतीस विक्रेता बांधील नाही काय?

बांधील आहे, परंतु नेमके काय ठरले हे तोंडच्या आश्वासनावरून नव्हे, तर सही केलेल्या नोंदणी-अर्जावरून पाहिले जाते, आणि त्या अर्जाच्या पाठीमागे, बारीक अक्षरांत, ‘ताब्याच्या दिवशी प्रचलित असलेली किंमत लागू राहील’ अशी अट बहुधा असतेच. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार किंमत करारात निश्चित करता येते, तशीच ती पुढे कोणत्या रीतीने ठरावी हेही लिहिता येते. म्हणून या अटीपुढे हातातले कोटेशन दुबळे पडते.

करांची गोष्ट निराळी. त्याच कायद्याच्या ६४अ कलमान्वये, करारात वेगळे ठरले नसल्यास, करारानंतर वाढलेला कर ग्राहकाकडून घेता येतो आणि घटलेला कर किमतीतून वजा करण्याचा हक्क ग्राहकास मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा वाहनाची वाट पाहत बसलेल्यांस या दुसऱ्या बाजूचे मोल कळले.

मात्र पूर्ण रक्कम घेऊन, वाहन उपलब्ध असताही विक्रेत्याने ताबा लांबविला आणि त्या मुदतीत झालेली दरवाढ मागितली, तर छापील अटीची ढाल त्यास मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; स्वतःच्या कसुरीचा लाभ कोणासही घेऊ देणे न्यायाला धरून नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दोन वर्षांच्या आत आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाखल करता येते, आणि दहा ते वीस लाखांच्या मोटारीसाठी तिचे शुल्क अवघे ४०० रुपये आहे. करारच अन्याय्य असल्याची फिर्याद मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते.

तेव्हा इसार देण्यापूर्वी ‘नोंदणीच्या दिवसाची किंमत कायम’ हे शब्द आणि ताब्याची तारीख अर्जावरच लिहवून, त्याखाली व्यवस्थापकाची सही व शिक्का घ्यावा. आणि फरक भरणे भागच पडले, तर हरकत लेखी नोंदवून, तिची पोच घेऊनच भरावा.