काठवट, डाव आणि बांधावरचे झाड

ऐरोली म्हटले की आज उंच इमारती, कचेऱ्या आणि मुलुंडकडे जाणारा १९९९ सालचा खाडीपूल डोळ्यांपुढे येतो. पण ही मूळची आगरी-कोळ्यांची वस्ती. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आखणीत आल्या आणि खाडीकाठची भातखाचरे गेली. मोबदल्यावर पुष्कळ लिहिले गेले. जमिनीमागोमाग स्वयंपाकघरातून काय गेले, ते मात्र घरातल्या जुन्या बायकांनाच विचारावे.

काठवट म्हणजे एकाच लाकडात कोरलेली, काठ उचललेली परात. तांदळाच्या भाकरीला आधी उकड काढावी लागते. ती वाफाळती उकड पितळी परातीत घेतली तर परातच चटके देते. लाकूड तसे तापत नाही, म्हणून पीठ गरम असतानाच मळता येते, आणि गरम मळले तरच भाकरीच्या कडा फाटत नाहीत. देशावर याच काठवटीत ज्वारी-बाजरीच्या भाकरी थापतात. डावाचेही तसेच. नारळाच्या करवंटीला भोके पाडून बांबूची काडी घातली की झाला डाव. चिंच-कोकमाचे आंबट कालवण कल्हई उडालेल्या पितळेत कळकते. करवंटीला आणि लाकडाला ते भय नाही.

हे सामान सहसा बाजारातून येत नसे. बारा बलुतेदारांतला सुतार नांगर, जू, कुळव करून देई आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा नेई. काठवट, रवी, पोळपाट ही कामे त्याच ओघात होत. लाकूड बांधावरच्या आंब्याचे नाहीतर फणसाचे. शेत गेले तसा बांध गेला, बांधाबरोबर झाड, आणि झाडामागून सुताराचे काम. स्टीलची परात आली म्हणून काठवट गेली असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. ज्यांची शेते शाबूत आहेत त्यांच्याकडेही ट्रॅक्टर आल्यावर नांगराचे काम आटले आणि सुतार दारे-खिडक्यांकडे वळला.

पार ईशान्येला, नागालँडातही स्वयंपाकघराचे नाते असेच झाडाशी आहे. तिथे अख्ख्या खोडात ओळीने खळगे कोरून लांबलचक उखळ करतात आणि बाया रांगेने उभ्या राहून भात कांडतात. जेवणाची पायाची थाळीसुद्धा एकाच ओंडक्यातून, पायांसकट कोरतात!

लाकडात घाण राहते, ही शंका सुनांना हमखास असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९० च्या दशकात भाजी-मांस चिरायच्या फळ्या तपासल्या, तेव्हा लाकडात शोषले गेलेले जंतू बहुतांशी मेलेले आढळले. मात्र तडा गेलेली, बुरशी धरलेली काठवट टाकूनच द्यावी.

वादळात बांधावरचा आंबा-फणस पडला तर सगळाच सरपणाला देऊ नका. खोडाच्या कापलेल्या टोकांना लगेच ओली माती लिंपा. टोके आधी वाळतात आणि तिथूनच लाकूड उकलते. सुताराकडून ओल्यातच जाडसर कोरून घ्या, काही महिने सावलीत ठेवा, मग वाकसाने अखेरचा हात फिरवायला सांगा. मधला गाभा काढून टाकलेला बरा, तडा तिथूनच सुरू होतो. काजऱ्याचे लाकूड चुकूनही नको, ते झाड विषारी. वापरण्याआधी जवसाचे कच्चे तेल पातळ चोळून चांगले वाळू द्यावे. रंगाच्या दुकानातले ‘उकळलेले’ जवस तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. रोज धुवावी, पण पाण्यात भिजत ठेवू नये. उन्हात न टाकता भिंतीला उभी टेकवावी, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागतो.