कामाला लावलेलं हृदय

"पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय," हे आमच्या घरात काकांच्या पाठीमागेच बोललं जायचं. फायलीतला तो आकडा इजेक्शन फ्रॅक्शनचा: हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, ते. धडधाकट माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० एवढाच असतो. पण तीस ऐकलं की घरच्यांना सत्तर टक्के हृदय गेलं असंच वाटतं. शिवाय हा आकडा माणूस स्वस्थ पडलेला असतानाचा. काकांना दम लागायचा तो घाटी चढताना. तेव्हा हृदय काय करतं, हे बघण्यासाठी स्ट्रेस एको.

मोठ्या तपासणीसाठी सावंतवाडीचे लोक बहुधा बांदा, म्हापसा करत गोव्याची वाट धरतात. आम्हीही तीच धरली. काकांचे गुडघे ट्रेडमिलवर चालण्याजोगे नव्हते, म्हणून हृदयाला औषधानं पळवायचं ठरलं.

डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. छातीवर ईसीजीच्या वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, मनगटात सुई. आधी विश्रांतीतली चित्रं घेतली. मग डोब्युटामाइन सुरू झालं: वजनाच्या दर किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, तीन मिनिटांनी १०, मग २०. गरज पडली तर ४०पर्यंत नेतात. डॉक्टरांचा एक हात प्रोबवर, डोळे पडद्यावर. दोन फासळ्यांमधली फट सापडेना, तेव्हा त्यांनी काकांना श्वास सोडून थांबायला सांगितलं, आणि तेवढ्या अवधीत चित्र टिपलं. यंत्रापेक्षा या हाताचं कौतुक मला अधिक वाटलं.

"धडधडता रे," काका म्हणाले. "औषध थांबवलं की काही मिनिटांत उतरेल," डॉक्टर म्हणाले. या औषधाचा अर्धा जोर दोनेक मिनिटांतच ओसरतो. तरीही झटक्याचं यंत्र हाताशी होतं, कारण यात ठोके बिघडू शकतात.

पडद्यावर आता चार चौकोन शेजारी शेजारी: विश्रांती, थोडा डोस, सर्वाधिक डोस, उतार. चारही ठोक्याच्या एकाच तालावर हलणारे. डॉक्टर भिंतीचा एकेक भाग तपासत होते. जो भाग विश्रांतीत मंद होता, तो थोड्या डोसला आत ओढला जाऊ लागला. याचा अर्थ स्नायू जिवंत आहे. तोच भाग मोठ्या डोसला पुन्हा ढिला पडला असता, तर त्याला रक्त अपुरं मिळतंय असा संशय घेतला असता. काहीच न हलणारा भाग बहुधा व्रण झालेला. रक्त कमी मिळालं म्हणून काम आवरतं घेणाऱ्या, पण जिवंत असलेल्या स्नायूची कल्पना १९८०च्या दशकात रुजवली ती मुंबईत जन्मलेले डॉ. शहाबुद्दीन रहीमतुला यांनी. 'हायबरनेटिंग', म्हणजे शीतनिद्रेतला, हा शब्द त्यामुळेच डॉक्टरांच्या तोंडी बसला.

काकांचा तीस ताणाखाली चाळिशीजवळ गेला. विश्रांतीत दोन रुग्णांचा आकडा तीसच असला, तरी ज्याचं हृदय ताणाला असा प्रतिसाद देतं त्याचं पुढचं आयुष्य सरासरीनं बरं जातं. मला वाटतं, ही गोष्ट प्रत्येक रुग्णाच्या घरी समजावून सांगितली पाहिजे.

पण स्नायू जिवंत आहे म्हणून लगेच रक्तवाहिनीत स्टेंट टाकावा असं नव्हे. ब्रिटनमधल्या ७०० रुग्णांच्या रिवाइव्ह्ड अभ्यासात, २०२२ साली, स्नायू जिवंत असूनही स्टेंटमुळे मृत्यू किंवा हृदय कमकुवत पडल्यानं (हार्ट फेल्युअरमुळे) रुग्णालयात भरती होणं कमी झालं नाही. चांगली औषधं स्टेंट टाकलेल्या आणि न टाकलेल्या, दोन्ही गटांना होती. डॉक्टरांनी आमच्याशी यावर मोकळेपणानं बोलून औषधांचेच डोस हळूहळू वाढवायचं ठरवलं.

पुढची देखरेख सावंतवाडीतच आहे. दर भेटीला वजन, पायांची सूज आणि सहा मिनिटांत सपाटीवर काका किती चालतात, याची नोंद होते. या चाचणीला यंत्र लागत नाही, पण हृदयाला कामाला लावून बघणं यातही आहेच. ३०० मीटरच्या आत दमणाऱ्यांकडे डॉक्टर अधिक काळजीनं बघतात. काका सध्या त्याच्या पुढे चालतात.